चाकवत आणि अक्काची गोळी

डॉक्टरीणबाईंचा हात मी पाहिला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती आमच्याकडे कमरीपेठेत राहते. खरं म्हणजे आम्हीच तिच्याकडे राहतो, कारण स्वयंपाकघर तिचं, आणि आमच्या घरात स्वयंपाकघर सोडलं तर फारसं काही उरत नाही. थंडी पडली की ती आंबट चाकवत करते. ताक, डाळ, शेंगदाणे, वरून लसणीची फोडणी. पोरं वाटी चाटतात. बायको शेजारणीकडे पाठवते. आणि मी, लहानपणापासून, तो घास पाण्याबरोबर गिळतो. बोलायची सवय नाही म्हणून कधी बोललो नाही. आवडत नाही हे सांगायला एक वाक्य लागतं, तेवढंही जमलं नाही.

जिना चढताना अक्काच्या छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं आणि प्रेशरही वर गेलेलं निघालं, तेव्हा मी तिला विद्यानगरातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई हसऱ्या, धारवाडी कन्नडमध्ये भराभर बोलणाऱ्या. अक्काचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं, त्यामुळे दोघींचं लगेच जमलं. बाईंनी समजावलं, की रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियम शिरलं की ती आवळते. ही गोळी कॅल्शियम आत शिरायचं दार थोडं लोटून धरते. वाहिनी सैल पडते, प्रेशर उतरतं, हृदयालाही कमी राबावं लागतं.

"कॅल्शियम? म्हणजे दूध बंद?" अक्का घाबरली.

"दुधाचा काही संबंध नाही हो. खुशाल प्या."

"मग चहा?"

"नको म्हटलं तर तुम्ही ऐकणार आहात का?"

गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची, अख्खी गिळायची, मोडायची किंवा चावायची नाही, कारण ती पोटात हळूहळू विरघळणारी आहे. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायची नाही. पायाला सूज आली, चक्कर आली, तर येऊन दाखवायचं. एवढं ऐकून अक्का चपला शोधायला बाहेर गेली. मी कागद घडी करत दाराशी पोचलो, तेव्हा बाईंनी मागून हाक मारली.

"चक्कोत तिन्नबारदु री, नेनपिड्री!" चक्कोत खायचा नाही, लक्षात ठेवा.

आणि बोलता बोलता त्यांनी दोन्ही तळहात समोरासमोर धरून हवेत नारळापेक्षा मोठा एक गोल केला.

इथं आमच्या घराची एक गंमत सांगायला हवी. बाजारात पालेभाजीवाल्या चाकवताला चक्कोत म्हणतात, आम्हीही त्यांच्याशी बोलताना तेच म्हणतो. पण कन्नडमध्ये चक्कोत नावाचं एक फळही आहे. ते म्हणजे आपलं पपनस. पपनस आम्ही कधी विकत घेतलं नाही. अळणावरजवळ आमच्या चुलतभावाच्या परसात झाड आहे, तिथून पोतं भरून येतं. जी वस्तू विकत घेतली नाही, तिचं कन्नड नाव घरात शिरलंच नाही. फक्त माझ्या डोक्यात होतं, कारण ऑफिसात एकजण डब्यातून चक्कोताच्या फोडी आणायचा आणि मला द्यायचा.

भाजीची जुडी कुणी दोन हातांच्या गोलात दाखवत नाही. मला तिथंच कळलं होतं. निदान शंका तरी आली होती. दार अजून उघडं होतं, एक शब्द विचारायचा होता.

मी मान हलवली आणि बाहेर पडलो.

घरी बायकोनं विचारलं, "पथ्य काही सांगितलं का हो?"

"चाकवत बंद," मी म्हणालो.

"चाकवत? पालेभाजी? प्रेशरला?"

"डॉक्टर म्हणाल्या."

अक्का हताश होऊन खाली बसली. "मेथी चालते, शेपू चालतो, नेमका चाकवतच चालत नाही? माझ्या नशिबाला डोळे आहेत बघ बाई."

त्या आठवड्यात मी इतक्या आनंदानं जेवलो, की बायको म्हणाली, "प्रेशर अक्काचं उतरलं, तब्येत तुमची सुधारली."

थंडी वाढली आणि अळणावरहून पोतं आलं. तेव्हा बोलायला हवं होतं. पण पपनस बंद म्हटलं, की चाकवत का बंद, हे आलंच. मी स्वतःला समजावलं, की बाईंचा हात असाच हलला असेल. बोलताना लोकांचे हात हलतात. आणि चाकवत गेल्याचं दुःख अक्का पपनसावर काढू लागली. दुपारी अंगणात बसून जाड साल काढायची, फोडी सोलायची, मीठ-तिखट लावून सगळ्यांना वाटायची, उरलेल्या स्वतः संपवायची. "हे तरी डॉक्टरनं ठेवलंय मला," म्हणायची. माझ्या हातावर फोड ठेवायची तेव्हा मी दुसरीकडे बघायचो.

मग एके सकाळी ती देवळात निघाली आणि चप्पल पायात जाईना.

"चप्पल धुतली काय रे कुणी? आकसली बघ."

चप्पल आकसली नव्हती. घोट्याला बोट लावलं तर खड्डा पडत होता. चेहराही लालसर. ती हसतच उठली, आणि उठता उठता भिंतीला हात लावून खाली बसली. "जरा फिरल्यासारखं झालं," म्हणाली. मी रिक्षा आणली. रिक्षात तिचा हात धरून बसलो होतो, आणि हे कशानं झालं ते त्या रिक्षात फक्त मला माहीत होतं.

प्रेशर नको तितकं खाली गेलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी पट्टा काढत विचारलं, "चक्कोत खात नाही ना?"

"छे! त्या दिवसापासून घरात जुडी आणली नाही," अक्का अभिमानानं म्हणाली. "पपनस तेवढं खाते रोज."

"पपनस अंद्र एन री?" पपनस म्हणजे काय हो?

अक्कानं दोन्ही तळहात समोरासमोर धरून हवेत गोल केला. अगदी तोच गोल.

"अय्यो! अद चक्कोत री!" बाईंनी कपाळावर हात मारला. मग जे हसू फुटलं, ते बाहेरच्या पेशंटांपर्यंत गेलं. अक्का तर डोळे पुसत होती. बाईंनी सांगितलं, की या जातीच्या सगळ्याच गोळ्यांचं असं नसतं, पण अक्काच्या गोळीचं असतं. ते फळ खाल्लं की पोटात गोळीची मोडतोड कमी होते, आणि रक्तात हवी त्याहून जास्त उतरते.

"म्हणजे एका गोळीत दोन गोळ्यांचं काम! मग पपनस खाते आणि अर्धीच घेते की."

"मोडायची नाही म्हटलं होतं ना, अक्का!"

हसू थांबल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. "यांना मी दाखवून सांगितलं होतं."

"मला भाजी वाटली," मी म्हणालो.

सगळं मिळून तीन शब्द. गप्प राहणं वेगळं, पण हे खोटं मी तोंडानं बोललो.

फळ बंद झालं, बाईंनी काही दिवस जवळून लक्ष ठेवलं, सूज ओसरली, अक्का पुन्हा देवळात आणि बाजारात फिरायला लागली. आज ती ठणठणीत आहे. लग्नाकार्यात पंगत बसली की हा किस्सा ती रंगवून सांगते, डॉक्टरीणबाईंचा आवाज काढून. शेवट ठरलेला असतो. माझ्या पाठीवर थाप मारते आणि म्हणते, "भोळा आहे हो माझा भाऊ. त्याला काय कळतंय फळ आणि भाजी!" लोक हसतात. मीही हसतो.

चाकवत अर्थातच परत आला. पहिल्या दिवशी मी मुकाट्यानं दोनदा वाढून घेतला, दंड म्हणून. अक्कानं पळी हवेतच धरून माझ्याकडे पाहिलं. "बघितलंस?" ती बायकोला म्हणाली, "पोराला इतकी वर्षं कळली नव्हती चव. दुरावल्यावर कळली." तेव्हापासून ती थंडीत आठवड्यातून दोनदा चाकवत करते, खास माझ्यासाठी, आणि दोनदा वाढते. मी खातो.

मला चाकवत आवडत नाही, हे अक्काला सांगायचं राहिलंय. ते एखादे दिवशी हसत सांगून टाकेन, ती पळी उगारेल, संपेल. पण मी भोळा नाही, तो हात मी पाहिला होता, आणि ती भिंत धरून खाली बसली ती माझ्यामुळे, एवढं तिला सांगणं मी देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.