पंच नसलेला खेळ

दोन मे २०२१, रविवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. ग्रीनवर, म्हणजे गोल्फच्या भोकाभोवतीच्या त्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर, दंव इतके दाट होते की गवताला राखेचा रंग आला होता. आणि मृण्मयीने हलकेच ढकललेला चेंडू त्या राखेवर एक ओली, हिरवीगार रेघ ओढीत निघाला होता. चेंडू कुठून जातो, कुठे वळतो, कुठे थकतो, हे एरवी खेळणाराच जाणतो. दंवाच्या सकाळी ते कोणालाही वाचता येते. त्या वर्षीचा वसंत फार थंड होता. मे उजाडला तरी या परदेशी मुलखात, नायमेखन शहराजवळच्या टेकड्यांवर, आमच्या श्वासांची वाफ दिसत होती.

त्याच वेळी माझ्या पिशवीतला बिस्किटांचा डबा थरथरला.

आमच्या संघात नियम होता की सरावाला आल्यावर सर्वांचे फोन त्या डब्यात जायचे. मृण्मयीचे वडील आठवडाभर मिरजेच्या एका रुग्णालयात होते, आई त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. दोघांनाही प्राणवायू लावलेला. म्हणून त्या सकाळी मी तिला म्हटले होते, तुझा फोन तू जवळ ठेव. ती म्हणाली, “नको सर. हातात असला की मी मिनिटामिनिटाला बघते. तुम्हीच ठेवा. तसं काही असलं तर तुम्ही सांगाल ना?”

मी ‘हो’ म्हटले होते.

तिचा फोन घेऊन मी पाइनच्या झाडांआड गेलो. तिचे काका बोलत होते. त्यांचा आवाज कोरडा होता; रडून झाल्यानंतरचा.

“सर का तुम्ही? बरं झालं तुम्हीच उचललात. दादा गेला, सर. पहाटे.”

मी झाडांमधून ग्रीनकडे पाहिले.

“तिला सांगू नका. तब्येत जरा जास्त आहे, एवढंच म्हणा. पोरगी एकटी आहे तिकडं. वहिनींनाही कळू दिलेलं नाही. महापालिकेची गाडी येतेय, दीड वाजता स्मशानात नंबर लागलाय आमचा. मी एकटाच जाणार. ते किट घालून.”

“तिथून फोनवर दाखवता येईल?”

“येईल की. पण दाखवायचं कुणाला?”

दीड म्हणजे आमच्याकडचे दहा.

*

या संघाविषयी आधी थोडे सांगितले पाहिजे, म्हणजे पुढचे समजेल. आइंटहोवनच्या कारखान्यात अभियंता म्हणून आयुष्य काढून मी निवृत्त झालो, पत्नी गेली, आणि न्यूनेनच्या घरात घड्याळाचा आवाज ऐकू येऊ लागला. गोल्फ मला इथल्याच एका सहकाऱ्याने शिकवला होता. विद्यापीठाला विद्यार्थिनींच्या संघासाठी कोणी विनावेतन शिकवणारा हवा होता. संघ असा नव्हताच. तीन मुली होत्या, आणि त्यांतल्या दोघी पहिल्या थंडीत गळाल्या. पुरुषांच्या संघाचा प्रशिक्षक मला हसत विचारी, “काय, गोल्फ शिकवताय की भरतकाम?” उरलेली एक, लोट्टे, हॉकी खेळून आलेली उंच मुलगी, तिने त्याला एकदा शांतपणे सांगितले, “भरतकामच. तुमच्या मुलांची भोकं फार मोठी राहतात.” त्यानंतर त्याने विचारणे सोडले.

मी खेळ शेवटाकडून शिकवतो. लांब, उंच, डोळे दिपवणारा फटका सर्वांना आधी हवा असतो. तो मी पहिला संपूर्ण हिवाळा मारू देत नाही. आधी भोकापासून हातभर अंतर. तिथून चेंडू चुकेनासा झाला की दोन हात. मग ग्रीनची कड, मग वाळूचा खड्डा, आणि सर्वांत शेवटी ते मोकळे रान, जिथून इतर सारे आरंभ करतात. मुली कंटाळत, रडत, सोडून जात. ज्या राहिल्या त्यांना कळले की दूरवर मारणे ही ताकदीची गोष्ट आहे आणि जवळचे न चुकणे ही स्वभावाची. माणसाचेही असेच नाही काय? लांबच्यांशी आपण मोठ्या औदार्याने वागतो; हातभर अंतरावरच्या माणसाशी चुकतो.

मृण्मयी मला गोल्फच्या मैदानावर सापडली नाही. इथल्या मराठी मंडळींच्या एका संक्रांतीला ती पोरांबरोबर कॅरम खेळत बसली होती. सांगलीची, शिकायला आलेली, गोल्फची काठी कधी हातात न धरलेली. स्ट्रायकर सोडण्यापूर्वी ती मान एका बाजूला कलवी आणि कडेवर आपटून सोंगटी कुठे जाईल ते जणू आधी पाहून घेई. मी म्हटले, “उद्या सकाळी ये.” ती म्हणाली, “कशाला?” मी म्हटले, “हेच करायला. उभ्याने.” तिसऱ्या वर्षी ती संघाची कप्तान होती.

आता लोक या संघाला यशस्वी म्हणतात. करंडक आहेत, ते एका कपाटात आहेत. पण संघ घडला तो एका पराभवाच्या दिवशी. या खेळाला पंच नसतो. खेळाडू झाडीत एकटा असतो, चेंडू पानांत असतो, काठी टेकताना चेंडू तसूभर हलला तर ते पाहणारे कोणी नसते. त्याने स्वतः हात वर करायचा, स्वतः सांगायचे आणि स्वतःच्या मोजणीत दंडाचा एक फटका वाढवून घ्यायचा; ज्याचे फटके कमी तो जिंकतो. आंतरविद्यापीठ सामन्याच्या शेवटच्या दिवशी लोट्टेने असा हात वर केला, आणि आम्ही त्या एका फटक्याने हरलो.  परतताना गाडीत मी तिची स्तुती केली नाही. श्वास घेतल्याबद्दल कोणी कोणाची स्तुती करते काय? पण पुढच्या आठवड्यात तिच्या चार मैत्रिणी, न सांगता, सरावाला येऊन उभ्या राहिल्या. संघ तिथून मोजावा.

मग साथ आली. सामने बंद झाले आणि बंदच राहिले. मैदान कधी मिटे, कधी उघडे. उघडले तरी निशाणाच्या काठीला हात लावायचा नाही, वाळू सारखी करायची दाताळी उचलून नेलेली, भोकात फोमचा तुकडा बसवलेला, म्हणजे चेंडू काढायला बोटे आत घालायला नकोत. चेंडू पूर्वीसारखा खोल पडत नसे. तो टपकन आवाज, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो गेला. मी मुलींना शिकवीतच राहिलो. कशासाठी, असे एकीने विचारले. मी तिला वाळूत उतरायला सांगितले.

*

झाडांआड उभा राहून मी काकांच्या म्हणण्याचा विचार केला. ते कठोर नव्हते; ते आपली रीत पाळत होते. दूरगावी असलेल्या माणसाला आपण ‘गेले’ असे कधी कळवीत नाही. ‘तब्येत जास्त आहे, निघून ये’ एवढेच कळवतो. तो निघतो, वाटेत त्याला कळत जाते, आणि दारात पोचेपर्यंत त्याने अर्धे दुःख प्रवासात पचवलेले असते. ते असत्य म्हणजे एक वाहन आहे. ते माणसाला घरापर्यंत आणून सोडते. माझ्या वडिलांच्या वेळी मलाही त्याच वाहनाने नेले होते, आणि मी त्याचा ऋणी आहे.

पण या वेळी विमाने बंद होती. भारतातून इकडे येण्याची वाट इथल्या सरकारने मिटली होती. ती तिकडे गेली असती तरी परत केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि दीड वाजेपर्यंत तर पृथ्वीवरचे कोणतेच वाहन तिला सांगलीला पोचवू शकत नव्हते. ज्या असत्यापुढे रस्ताच नाही, ते कोणाला कुठे नेणार? दहा वाजता एका पत्र्याच्या छपराखाली तिचा बाप जळणार होता. त्यापूर्वी तिला सांगितले, तर ती त्याला पाहू शकेल. नंतर सांगितले, तर ते कायमचे गेले. निवडायचे होते ते एवढेच.

मी काकांना फोन करून म्हटले, “मी तिला सांगतो आहे. दहाला फोन लावा.”

“सर, अहो, ती कोसळेल.”

“कोसळली तर मी आहे.”

 मग ते म्हणाले, “लावतो.”

मुली तोवर पुढे गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा मृण्मयी चेंडूवर वाकली होती. मी थांबलो. चेंडू भोकाशी गेला, फोमवर टेकला. तिने वर पाहिले, माझ्या हातातला डबा पाहिला, आणि तिला कळले. तरीही सांगणे माझ्याकडे होते.

“मृण्मयी, बाबा गेले.”

“कधी?”

“पहाटे.”

“आईला?”

“सांगितलेले नाही.”

ती पटरवर, त्या चेंडू ढकलायच्या काठीवर, दोन्ही हात टेकून उभी राहिली. “काका म्हणाले असतील, मला सांगू नका.”

“म्हणाले.”

तिने मान हलवली. दहा वाजता काय होणार, ते मी सांगितले. आम्ही तिला बाकावर बसवले. लोट्टेला मराठी येत नाही. तिला काही सांगावे लागले नाही. शिक्षण संपून नोकरी लागली तरी ती रविवारी येत असे. त्या दिवसांत दीड मीटरचे अंतर राखायचे होते. लोट्टे ते राखून गवतावर बसली. मग उठली, आली, आणि मृण्मयीला खेटून बसली. मी हरकत घेतली नाही. मागून दोन वृद्ध खेळाडू येत होते. एक मुलगी त्यांच्याकडे धावत गेली. ते आम्हाला ओलांडून पुढे जाऊ शकले असते. पण त्यांनी टोप्या काढल्या आणि होते तिथेच थांबले.

दहा वाजता फोन आला. चित्र हलत होते. काकांच्या अंगावरच्या प्लास्टिकची सळसळ होत होती. आधी आकाश दिसले, मग छपराचा पत्रा, मग लांबवर ज्वाळा, आणि पुन्हा पत्रा. मृण्मयी अगदी साध्या आवाजात म्हणाली, “काका, जरा खाली धरा.” त्यांनी खाली धरला. तिने डाव्या हाताचा मोजा काढून गवतावर ठेवला आणि हात जोडले. ती रडली नाही. लोट्टे रडत होती.

*

तिच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सामाईक, खोली एकटीची. तिथे तिला सोडणे मला पटेना. गाडीच्या काचा उघड्या ठेवून, तोंडावर मास्क लावून मी तिला न्यूनेनला घेऊन निघालो. वाऱ्याने कोणाला बोलता येत नव्हते, ते बरे होते. काकांचा फोन माझ्याकडे आला. मी गाडी बाजूला घेतली.

“कशी आहे?”

“बसली आहे.”

“सर, आता एक करा. वहिनी सारख्या फोन करतायत, दादा कसे आहेत म्हणून. माझ्या आवाजावरून त्यांना कळेल. डॉक्टर म्हणतात, त्यांना धक्का बसला तर काही सांगता येत नाही. आता तिला कळलंच आहे, तर त्यांचे फोन तिलाच घेऊ द्या.”

मी ते तिला सांगितले. ती उत्तर देण्यापूर्वीच तिचा फोन वाजू लागला होता. तिने काच वर केली, मास्क काढला, दोनदा घसा साफ केला.

“बोल, आई. हो, बोलले की बाबांशी. सकाळीच. आत्ता झोपलेत… अगं, तोंडाला तो मास्क आहे ना, म्हणून उचलत नाहीत… माझा आवाज? थंडी आहे इथं मरणाची, नाक वाहतंय… हो, खेळले. सर आहेत शेजारी. तू उताणी झोपू नकोस हं, पालथी झोप, डॉक्टर ओरडतील… हो, बाबांना सांगते.”

तिने फोन मांडीवर ठेवला. माझ्याकडे पाहिले नाही. तीन वर्षे मी तिला एकच गोष्ट शिकवली होती, कोणी पाहत नसले तरी खरे तेच सांगण्याची. आणि आता एका श्वासात, एकही शब्द न अडखळता, ती माझ्या देखत तिच्या उलट वागली होती, आणि मला त्यात काही दुरुस्त करण्याजोगे सापडत नव्हते. सत्य मी तिच्या हाती दिले, ते योग्य होते. आजही मी तसेच करीन. पण सत्य एकटे येत नाही. ज्याच्या हाती ते देतो, त्याला त्याची राखणही करावी लागते, कधी ते झाकूनही. घरातली थोरली माणसे हे ओझे लहानांवर पडू देत नाहीत, त्यालाच बहुधा आपण रीत म्हणतो. तिची आई पुढे बरी होऊन घरी आली, आणि त्यांना सांगण्याचे कामही फोनवरून हिनेच केले. ते नंतरचे.

त्या दिवशी मी तिला म्हटले, “आंघोळ करून घे.” ती न्हाणीघरात गेली. मी पिठले टाकले, भात लावला. अशा दिवशी ज्याच्या घरी दुःख त्याच्या चुलीला विश्रांती, शेजाऱ्याने आणून द्यायचे; इथे शेजारी मीच होतो. मला पिठले नीट येत नाही, गुठळ्या होतात. ती गुठळ्यांसकट जेवली.

मग आम्ही टेबलाशी बसून उद्याचे ठरवले. आईंनी बाबांशी बोलायचा हट्ट धरला तर काय म्हणायचे. फोटो मागितला तर काय. ती सुचवत होती, मी तपासत होतो; कुठे सुटेल, कुठे पकडले जाईल, ते सांगत होतो. सरावासारखेच, जवळच्या अंतरापासून.

पत्नीच्या खोलीत ती झोपली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. तिचा फोन टेबलावरच राहिला होता, जवळजवळ विझलेला. मिरजेला सकाळ होते तेव्हा इथे अंधार असतो. आईंचा फोन त्या वेळी येणार होता. मी चार्जर शोधून तो लावला, घंटीचा आवाज पूर्ण वाढवला, आणि फोन तिच्या दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला.