फळमाश्यांनी पसंत केलेलं स्थळ

आता काय सांगू तुम्हाला! चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझं लग्न जमता जमता फिसकटलं, आणि तेही माझ्याच अकलेनं!

मी राहतो गारखेड्यात, कॉलेजात शिकवतो आणि फळमाशीला वास कसा येतो यावर संशोधन करतो. नर माश्यांना भुलवणारं एक औषध असतं, पेरूच्या बागेतल्या सापळ्यात घालतात ते. त्यातलं थोडं मी घरी आणून ठेवलं होतं. कशात? अत्तराच्या रिकाम्या कुपीत! आणि ती कुपी कुठं? खऱ्या अत्तराशेजारी!

त्या रविवारी दौलताबादला मुलगी बघायला जायचं होतं. फोटोतच मनात भरली होती हो! मामा खालून ओरडत होते, "आवर की रं!" घाईघाईत कुपी उचलली आणि कानामागं, कॉलरला, मनगटाला सढळ हातानं चोपडली. वास कळला नाही? कसा कळणार! रोज तेच हुंगून नाक पार निबर झालेलं.

मुलीचं घर ऐन पेरूच्या बागेत. अंगणात बसलो, पोहे आले.

"काय शिकता म्हनं तुमी माशीचं?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

झालं! मी सुटलोच. "माशीच्या मिशीत प्रथिनं असतात. हवेतला वासाचा कण ती अल्लद धरतात आणि आत मज्जातंतूपर्यंत पोचवतात. पायातही असतात बरं का! पाय टेकला की चव कळते."

तोवर कॉलरवर एक माशी टेकली. मग चार. मग कान, मनगट, सगळं माश्यांनी भरलं!

"आंघोळ केली व्हती का रं?" मामा कुजबुजले.

"केली हो मामा!"

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. वाकली, थबकली. "अण्णा, ह्ये तर आपल्या सापळ्यातलं औषध!" मग मला म्हणाली, "सर, याला फक्त नरच भुलतात, नाय का?" आणि अशी हसली की ट्रेमधले कप वाजायला लागले.

अण्णा मात्र हसले नाहीत. बागेकडं बघत उठले. "पाव्हणं, चहा तिकडं घ्या. त्या कोपऱ्यात लई माशी हाय."

खुर्चीसकट नेऊन बसवलं मला झाडाखाली!

आठवड्यानं निरोप आला. "पोरगी नाय म्हन्ती. पन बहार संपोस्तोर पाव्हण्याला धाडा, जेवू घालू."

खोटं कशाला बोलू? गेलो की! कुपी घेऊन.