शरयू आणि कवीचं नाणं

शरयू ठोसर मूळची सांगलीची. नवऱ्याच्या व्हिसावर अमेरिकेत, फ्रीमाँटला आलेली, त्यामुळे तिला नोकरीची परवानगी नव्हती. २००५ पासून दर मंगळवारी आणि गुरुवारी ती माझ्याकडे येई, पोळ्या करून देई आणि तासभर बसे. मोबदला घेत नसे. "काकू, भिंतींशी किती बोलू?" म्हणे. मला ते कारण पुरेसं वाटत नसे. ती किती वाजता आली, कुठल्या खोलीत गेली, हे मी डायरीत लिहून ठेवत असे.

पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजनाची तयारी मी तिच्यावर सोपवली. पूजेला आमच्याकडे चांदीचं एकच नाणं होतं. शेजारच्या अर्मेनियन गृहस्थांनी ह्यांना दिलेलं, त्यांच्या राष्ट्रकवीच्या स्मरणार्थ काढलेलं. बंद पारदर्शक डबीत, सोबत प्रमाणपत्र. आरशासारखं, तिरकं धरलं की काळं दिसणारं, त्यावर कवीचा दुधी चेहरा. ह्यांच्या पश्चात मी ते जिवापाड जपलं होतं.

संध्याकाळी तबकात पाहते तर डबी नाही, आणि नाणं भलतंच. सगळीकडे सारखं पांढरट, बारीक ओरखड्यांचं.

मुलाला, सत्यजितला, बाजूला घेऊन सांगितलं. "इंटरनेटवर नकली मिळतात म्हणे," तो म्हणाला, "पण शरयू कशाला असं करेल, यार आई." मी त्यातलं पहिलंच वाक्य धरून बसले.

मंगळवारी शरयूला विचारलं. कणीक मळता मळता ती म्हणाली, "चिंच लावून चांगलं घासलं. डबीवर हळदकुंकू कसं वाहणार? आणि कवीसाहेबांच्या मागे सगळं काळं दिसत होतं, काकू."

ती हसली. मी हसले नाही. ती पोळ्या लाटायला लागली तशी मी आत जाऊन भिंग काढलं. नाण्याच्या कडेवर बारीक क्रमांक होता. प्रमाणपत्रावरचाच.

वळले तर शरयू दारात.

"पटली का ओळख?"

"पटली."

"मग पोळ्याही मोजून घ्या. चौदा आहेत."

मी माफी मागितली. "असू दे, काकू," एवढंच बोलून ती गेली. नातवंडं इंग्रजीत उत्तरं देतात, मुलगा-सून दिवसभर ऑफिसात. ही आता येणार नाही, या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

गुरुवारी ती आली. अजूनही येते. फक्त आल्याबरोबर पर्सची चेन उघडून ती ओट्यावर ठेवते, आणि निघताना माझ्यासमोरच बंद करते.