शेवग्याच्या फुलांचा खाका

“ताई, अंगाचं माप तुम्ही घ्या, दाराचं माप मी घेतो.”

लग्नाचा ब्लाऊज शिवायला आलेली नवरी दुकानात बसली, की चाचा मागच्या खोलीतून बाहेर यायचे आणि हे एक वाक्य बोलायचे. मी टेप गळ्यात टाकून उभी. नवरीची आई माझ्याकडे बघायची, हा म्हातारा कोण म्हणून. चाचा तोवर नवरीसमोर स्टूल ओढून बसलेले असायचे. “पोरी, तुझ्या माहेरच्या दारात काय हाय?”

कुणी म्हणायची जास्वंद, कुणी म्हणायची काही नाही, फरशी आहे. एक तर म्हणाली, बाबांची बुलेट. चाचांनी मान डोलावली आणि तिच्या बाहीवर आरशाची चक्रं काढली. दाखवून दिल्याशिवाय कुणाला कळलं नसतं, पण तिला कळलं आणि ती रडली.

चाचा खाका करायचे. आजकाल आरी वर्कचे ब्लाऊज गल्लोगल्ली होतात, पण कापडावर नक्षी येते कुठून ते फार कुणी विचारत नाही. पातळ कागदावर आधी चित्र काढायचं, मग त्या रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडत जायचं. हा झाला खाका. तो कापडावर ठेवून वरून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड फिरवली, की भोकांतून नक्षी कापडावर उतरते. मग कारागीर त्यावर मणी, जरी भरतो. नाव कारागिराचं होतं, पैसे दुकानदाराला मिळतात, आणि खाकावाला कुणाला माहीत नसतो.

एका खाक्यावर शंभर ब्लाऊज होऊ शकतात. बाकीचे खाकावाले तेच करतात, त्यात गैर काही नाही. आमचे चाचा मात्र काम झालं की खाक्याची घडी घालायचे आणि ब्लाऊजबरोबर नवरीच्या हातात द्यायचे. त्यांच्या उस्तादांची ती रीत. “एका नवरीचा खाका दुसरीला न्हाई. हे तुझं. दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसायचं न्हाई, हा माझा शब्द.” मी कपाळाला हात लावायची. मी लातूरजवळच्या मुरुडच्या दुकानदाराची लेक, लग्न होऊन नांदेडला आलेली. एकदा केलेली चीज दहादा विकावी, हे मला दूध पितानाच शिकवलेलं. मी चिडले की चाचा म्हणायचे, “लातूरकडची माणसं लवकर तापत्यात,” आणि मागच्या खोलीत निघून जायचे.

ती खोली म्हणजे माझ्या दुकानामागचं सहा पावलांचं कोठार. वीस वर्षं चाचा तिथं बसले. रॉकेलचा वास घरच्यांना नको म्हणून कागद कधी घरी नेला नाही.

मुदखेडच्या एका पोरीचं लग्न ठरलं. तिच्या दारात शेवगा होता. मी हसले. म्हटलं, चाचा, लग्नाच्या ब्लाऊजवर शेंगा काढणार का, आमटी करायचीय काय. चाचांनी शेंगा काढल्या. पाठीवर लांब, किंचित वाकलेल्या, दोन्ही बाह्यांवर शेवग्याची बारकी पांढरी फुलं, गळ्याशी नुसती पानं. ब्लाऊज तयार होऊन टांगला तेव्हा मी हसायचं विसरले. इतकं देखणं काम माझ्या दुकानातून त्याआधी गेलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

आता माझी चूक सांगते. त्याच सुमारास मी एका मोठ्या ऑनलाइन बाजारात विक्रेता म्हणून नाव घातलं होतं. परदेशी कंपनी, तिचं ॲप तुमच्याही मोबाईलमध्ये असेल. मला वाटलं, नमुना म्हणून हा ब्लाऊज दाखवू, म्हणजे पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी येतील. खाका तर दिलाच आहे, फोटोनं काय होतंय. चाचांना न विचारता फोटो टाकला. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही.

तीन महिन्यांनी त्याच ॲपवर तोच ब्लाऊज निघाला. विकणारा भलताच, कुठल्या तरी लांबच्या शहरातला. मशीनवर भरलेला, पण शेंग न शेंग तीच, पान न पान तेच. नाव काय दिलं होतं म्हणाल, तर ‘राजेशाही मोरपीस’. शेवग्याची शेंग त्यानं बापजन्मात पाहिली नसावी.

मुदखेडच्या पोरीला ते कुणी सांगायची गरज पडली नाही. गावातल्याच तिच्या सासरी हळदीकुंकवाला दोन बायका तोच घालून आल्या. तिनं मला नाही, चाचांच्या घरी फोन केला. भांडली नाही म्हणे. एवढंच विचारलं, “चाचा, तुम्ही म्हणला होतात ना?”

चाचा दुकानात आले, मागं गेले नाहीत, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले. मी सगळं कबूल केलं. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. “ताई, तुमच्या मोबाईलमधला फोटो मिटवा,” म्हणाले. मी मोबाईलमधला मिटवला, दुकानाच्या पानावरचाही काढला. मग म्हणाले, “नक्कल झाली त्याचं न्हाई वाटत. दुनियाच नक्कल करून ऱ्हायलीय. पण पोरीला मी शब्द दिला हुता.”

त्या दिवसापासून ॲपवरचं ते नकलेचं पान खाली उतरवायचं, हे माझं एकच काम. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, आम्ही फक्त बाजार आहोत, माल आमचा नाही, विक्रेत्याशी बोला. विक्रेता उत्तर देईना. चाचांना घेऊन वजिराबादेतल्या वकीलसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, कंपनी खोटं बोलत नाही. परदेशी पैसा असलेल्या ऑनलाइन बाजाराला आपल्याकडे स्वतःचा माल ठेवून विकता येत नाही, तसा नियमच आहे. त्यांनी बाजार मांडून द्यायचा, माल दुसऱ्यांचा. मी म्हटलं, हा नियम केला कुणासाठी. वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, तुमच्यासारख्या छोट्या दुकानदारांना वाचवायला.

चाचांनी ते नीट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “म्हंजी दुकान हाय, गल्ला हाय, अन् दुकानदार न्हाई. आपल्या इतवाऱ्याच्या बाजारात असं असतं तर लोकांनी शटर पाडलं असतं.”

मग डिझाइनच्या नोंदणीचं विचारलं. तिथं तर मीच पाचर मारून ठेवली होती. नोंदणीचा अर्ज चीज बाजारात दाखवण्याआधी करावा लागतो. तुम्ही आधीच फोटो लावलात, वकीलसाहेब म्हणाले, आता ते कायद्याच्या लेखी नवं राहिलं नाही. शेवटी एकच वाट उरली. चित्र ज्यानं काढलं त्याचा त्यावर हक्क असतोच, नोंदणी असो वा नसो. कंपनीच्या फॉर्मला मूळ चित्र जोडायचं, खाली चित्र काढणाऱ्याची सही, म्हणजे पान उतरवावं लागेल.

मूळ चित्र म्हणजे खाका. आणि खाका मुदखेडला, नवरीच्या पेटीत.

आम्ही दोघं सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. मी खाका मागायला निघाले होते, चाचा माफी मागायला. पोरीनं चहा केला, ब्लाऊज काढून दाखवला. चाचा म्हणाले, माझ्याकडून शब्द मोडला. ती म्हणाली, तुमची काय चूक, आणि माझ्याकडे एकदा पाहिलं. मला ते पाहणं अजून आठवतं. मग चाचांनी तिच्याकडे सुई आणि पांढरा दोरा मागितला. मी चकित झाले, कारण भोकं पाडण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता, पण टाका त्यांना मुळीच येत नसे. चष्मा कपाळावर चढवून अर्धा तास बसले आणि डाव्या बाहीच्या काठाशी, सगळ्या फुलांच्या खाली, एक गळून पडलेलं फूल काढलं. वाकडं, एक पाकळी मोठी.

“आता हे तुझ्याकडंच हाय. असलं वाकडं मशीनला जमायचं न्हाई.”

ती हसली आणि डोळे पुसले. हीच वेळ म्हणून मी खाक्याचं बोलायला तोंड उघडलं. चाचांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं, आणि मी चहाचा कप उचलला.

परतीच्या गाडीत मी तापलेच. म्हटलं, तेवढा कागद मिळाला असता तर पंधरा दिवसांत पान गेलं असतं, तुमचा हट्ट आडवा आला. चाचा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, “दिलेली चीज मागायची असती, तर दिली म्हणायचंच कशाला?”

पण पान जावं असं त्यांना वाटत नव्हतं असं समजू नका. रोज सकाळी दुकानात आले, की सलाम करायच्या आधी विचारायचे, “पान गेलं का, ताई?” मी मोबाईल उघडून बघायची. नाही, चाचा. “बरं,” म्हणायचे आणि मागं जायचे. जवळजवळ वर्षभर हे चाललं. एक-दोनदा मला वाटलं, गेलं म्हणून सांगून टाकावं. त्यांना कुठं बघता येणार होतं. पण खोटं बोलायला जीभ रेटली नाही, एकदा त्यांना न विचारता करून बसले होते तेवढं पुरे होतं.

रमजान संपून पंधरा दिवस झाले असतील, एका सकाळी चाचा आले नाहीत. छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच गेले. त्यांना मोबाईल कधी जमला नव्हता, त्यामुळं त्यांचा शेवटचा निरोप, शेवटचा आवाज, असलं माझ्याकडे काही नाही. मागच्या खोलीत कोरे कागद होते, सुया होत्या. काढलेलं एकही चित्र नव्हतं, सगळं दिलेलं.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाला मुदखेडची पोरगी आली. निघताना तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. “चाचांनी मागितला नाही, म्हणून मी देतेय. काम झालं की परत करा.” मी दुसऱ्याच दिवशी तो स्कॅन केला. चाचींच्या घरी जाऊन वारस म्हणून त्यांची सही घेतली, घाईघाईत, उभ्या उभ्याच. फॉर्म भरला, आणि खाका मुदखेडला नेऊन दिला.

अठरा दिवसांनी कंपनीचा मेल आला. तक्रार मान्य, पान काढून टाकलं आहे. मी ॲप उघडून दहादा खात्री केली. खरंच गेलं होतं. त्या सकाळी मला विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून मी स्वतःशीच मोठ्यानं बोलले, गेलं, चाचा. गिऱ्हाईक बघत राहिलं.

दुकान बंद करून चाचींकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या. बातमी सांगितली तसा त्यांचा चेहरा उजळला. हात पदराला पुसून माझ्याजवळ सरकल्या.

“दाखव बेटा. कसं हुतं ते? लई बोलायचे त्याच्यावर. मी पाहिलंच न्हाई.”

मी मोबाईल हातात घेतला आणि तेव्हा लक्षात आलं. माझा फोटो मी मिटवला होता. नकलेचं पान आजच गेलं होतं. ते दिसेल असं शेवटचं ठिकाण मीच पुसलं होतं, आणि तेही वर्षभर धडपडून. स्कॅन होता, तो उघडला. चाचींनी डोळ्यांजवळ धरून पाहिला. “ही तर भोकं हायत,” म्हणाल्या. रागानं नाही.

मी म्हटलं, चाची, आपण उद्या मुदखेडला जाऊ, ती पोरगी ब्लाऊज दाखवेल, नाही म्हणणार नाही.

मग मोबाईल माझ्या हातात परत देत म्हणाल्या, “नको बेटा. त्यांनी तिला दिलंय. ते तिचं हाय.”

आणि पुन्हा भाजी निवडायला बसल्या.