कठड्याचे सहा नट

बाळांनो, आजोबांबद्दल तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली गेली आहे. ती दुरुस्त करायची म्हणून हे लिहिते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, ते मला माहीत आहे. सावकाश वाचा. मी तर लिहायलाच फार वेळ लावला आहे.

आजोबांना शेवटी शेवटी विसर पडायला लागला होता आणि त्यातूनच ते जिन्यावरून पडले, असं तुम्ही समजता. तुमचे बाबाही तसंच समजतात. ते खरं नाही.

आपलं घर सोलापूरच्या पूर्व भागात. मागच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना आहे, तो तुम्ही सुट्टीत पाहिलाय. सगळे माग चालू असले की आपल्या फडताळातल्या कपबशा बारीक किणकिणतात. लहानपणी तुम्ही त्या भिंतीला पाठ टेकून बसायचात आणि पाठीत गुदगुल्या होतात म्हणून हसायचात. गच्चीवर जाणारा लोखंडी जिना त्याच भिंतीत बसवलेला आहे. त्याच्या एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला पाइपचा कठडा.

आजोबा मूळचे मंद्रूपचे. शेतकऱ्याच्या घरातून सोलापुरात आले आणि गिरणीत फिटर झाले. गिरणी बंद पडल्यावर ते कारखान्यांतून फिरून माग दुरुस्त करू लागले. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. लग्नाला चाळीसच्या वर वर्षं झाली तरी त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे, आणि रागावले की नुसतं ‘बाई’.

घरात जिथे जिथे बोल्ट होता, तिथे त्यांनी एकाऐवजी दोन नट बसवले होते. पलंगाला, पाण्याच्या टाकीच्या स्टँडला, माझ्या शिलाई मशीनच्या पायालाही. नव्या नवरीने विचारावं तसं मी एकदा विचारलं होतं, “एक नट पुरत नाही का?”

“माग दिवसभर हादरतोय की. हादऱ्यानं नट हळूहळू फिरतो. डोळ्याला दिसत न्हाय.”

“मग घट्ट आवळायचा.”

“किती आवळशील? लई आवळला तर बोल्टाचे आटे जातात. म्हणून त्याच्या डोक्यावर दुसरा. दोघं एकमेकांला दाबून धरतात, मग कुणालाच फिरता येत न्हाय.” आणि जरा थांबून म्हणाले, “आता आपल्यात वरचा कोन आन् खालचा कोन, ते इचारू नको.”

अशा जोडीच्या नटाला ते चेकनट म्हणायचे. दोन पाने घेऊन, एकाने खालचा नट धरून दुसऱ्याने वरचा कसा सोडवायचा, तेही त्यांनी मला शिकवलं होतं. शिकवलं नसतं तर बरं झालं असतं.

गेल्या दिवाळीआधी मी रंगारी बोलावला. आजोबा आठवडाभर मंद्रूपला बहिणीकडे गेले होते. ते परत यायच्या आत सगळं आटोपायचं, असं मी ठरवलं होतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. डब्यांवर चिठ्ठ्या, चादरींच्या घड्या एका मापाच्या, औषधं वाराप्रमाणे. रंगारी जिन्यावर उभा राहून म्हणाला, “बाई, या दोन नटांच्या मधी ब्रश जात न्हाय. गंज तसाच ऱ्हातो बघा.”

मी पाने आणले आणि कठड्याच्या सहाही बोल्टांवरचे वरचे नट स्वतः काढले. उन्हाने तापलेल्या लोखंडाचे हाताला चटके बसत होते, पण जमलं याचं मला कौतुक वाटलं. रंग झाला, वाळला. नट परत बसवायला गेले, तर रंगाने आटे भरले होते. नट अर्ध्या फेऱ्यात अडकायचा. मी दोनतीनदा खटपट केली. मग मनाशी म्हटलं, पाइपाला चिकटून खालचा नट आहेच. तोच खरा, वरचा आपला जादा. जिना कसा नीटनेटका दिसत होता! ते सहा नट मी लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत भरले, चिठ्ठी लावली, ‘कठडा – जादा नट’, आणि फळीवर ठेवून दिले.

आजोबा परत आले. रंग छान बसलाय म्हणाले. नट बाहेरच्या अंगाला होते, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नसत, आणि त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. सांगायचं माझ्या मनात होतं. पण दिवाळीच्या गडबडीत राहिलं, आणि नंतर मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

आपल्याकडे नळाला चारपाच दिवसांनी पाणी येतं. पाणी आलं की टाकी भरली का बघायला आजोबा गच्चीवर जायचे. उन्हाळ्यात एका सकाळी ते वर गेले आणि उतरताना, वरून चौथ्या पायरीवर, त्यांनी कठड्यावर भार टाकला. पाइप त्यांच्या हातातच निघून आला. मी खाली बादल्या भरत होते. आधी लोखंडाचा आवाज ऐकला, मग त्यांचा.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पण वेळ लागेल.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “नट कसा निघाला?” मी त्यांच्या उशीची खोळ सारखी करत राहिले. तेच पुढे म्हणाले, “चेकनट लावायचा राहिला असंल माझा. दुसरं काय?”

तेव्हा बोलायला हवं होतं. आजच ऑपरेशन झालंय, उद्या सांगू, असं म्हटलं. उद्याही तेच म्हटलं. घरी आल्यावर म्हटलं, जरा अंगात ताकद येऊ दे.

तुमच्या बाबांना मी फोनवर एवढंच सांगितलं की कठडा निसटला. बाकीचं आजोबांनीच सांगितलं, “अरे, मीच नट लावायला विसरलो.” संध्याकाळी तुमच्या बाबांनी मला वेगळा फोन केला. “आई, बाबा आणि नट विसरतील? तुला कळतंय का याचा अर्थ? आता त्यांना गॅसपाशी जाऊ देऊ नकोस. हत्यारं काढून ठेव. मी इकडे डॉक्टरांशी बोलतो.” तुमच्या बाबांचं काही चुकलं नाही. जे कानावर आलं त्यावरून त्यांनी विचार केला.

मग तुमचा व्हिडिओ कॉल आला. आठवतो का? धाकटी, तू फार मोठ्याने आणि एकेक शब्द सुटा करून विचारलंस, “आजोबा, मी कोण आहे सांगा!” कुणीतरी तुला तसं विचारायला शिकवलं असणार.

“तू? तू पंतप्रधान,” आजोबा म्हणाले.

तुम्ही हसला नाहीत. पडद्यावर तुमचे चेहरे एकमेकांकडे वळले. फोन बंद झाल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

“मास्तरीणबाई, खरंच इसरतो का गं मी?”

“नाही हो,” मी म्हटलं. एवढंच म्हटलं.

त्या दिवसापासून ते स्वतःला तपासू लागले. सकाळची गोळी घेतली का, हे मला तीनदा विचारायचे. पडल्या पडल्या गिरणीतल्या खात्यांची नावं ओळीने म्हणायचे, बहिणीच्या मुलांची नावं म्हणायचे, एखादं अडलं की घाम पुसायचे. ज्या माणसाला अंधारातही नुसत्या बोटाने नटाचं माप कळायचं, तो माणूस चहा प्यायलो की नाही हे कप बघून ठरवू लागला. मी समोर बसून भाजी निवडत होते.

भिंतीपलीकडच्या कारखान्यात एक जॉबर आहेत, म्हणजे मागांची देखभाल करणारे कारागीर; ते आजोबांच्याच हाताखाली तयार झालेले. आता त्यांचीही पन्नाशी उलटली आहे. घरी तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. आजोबांना ते ‘उस्ताद’ म्हणायचे. ते भेटायला आले तेव्हा आजोबांनी पलंगाखालून पान्यांची पेटी ओढायला लावली.

“घेऊन जा.”

“उस्ताद, हे काय? तुम्ही उठून फिरणार अजून.”

“माझ्या हाताचा भरवसा न्हाय ऱ्हायला. उद्या कुनाच्या मागाचा नट लावायचा इसरलो, तर कुनाचं बोट जाईल. घेऊन जा म्हणतो न्हवं.”

जॉबरांनी पेटी उचलली. मी त्यांना पोचवायला अंगणात आले. ते जिन्यापाशी थांबले, वर चढले, वाकून बाकीचे बोल्ट बघितले आणि खाली आले. माझ्याकडे न बघता बोलले.

“बाई, वरच्या आट्यांवर रंग आहे.”

“हो.”

“रंग मारला तेव्हा वरचे नट नव्हते, म्हणून आट्यांना रंग लागला. उस्तादांनी आधी लावलेच नसते तर रंगाखाली आट्यांवर सगळीकडे सारखा जुना गंज असता. रंग खरवडून पाहिला, नटाएवढी जागा स्वच्छ आहे.” मग पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, “मी आत जाऊन काही बोलणार नाही. ते तुमचं काम आहे.”

एवढा मोठा माणूस मान खाली घालून निघून गेला. शाळेत मी चुकलेल्या मुलींना जशी उभी करायची, तशी मी अंगणात उभी राहिले. मग आत गेले आणि सांगून टाकलं. रंगारी, ब्रश, बरणी, सगळं.

आजोबांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“बरणी आण.”

मी आणली. त्यांनी चिठ्ठी वाचली. नट चादरीवर ओतले, बोटाने मोजले, एक उचलून अंगठ्याने त्याची जाडी चाचपली.

“कुठले काढलेस?”

“वरचे. खालचे तसेच ठेवले.”

“बाई, खालचा पातळ असतो. तो नुसता धरून ठेवायला. भार घेतो वरचा, जाड. लोक उलटं समजतात.” त्यांचा आवाज चढला. “तू खरे नट बरणीत ठेवले आन् जिना पातळ नटांवर सोडला! आन् वीस दिवस मी हितं गिरणीची खाती मोजत पडलो!”

त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. गोळी घेतली का, हे मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जॉबरांना पेटीसकट बोलावून घेतलं. पलंग खिडकीपाशी सरकवला. जॉबरांनी आटे साफ केले, निघालेला पाइप परत बसवला. आजोबा आतून सांगत होते, “खालचा धर. धरलास? आता वरचा आवळ. अजून. बास!” काम झाल्यावर जॉबर खिडकीशी आले, तेव्हा आजोबा म्हणाले, “इंग्रजी शिकलेली बायको केली. तिला सहा नट जास्त वाटले.” जॉबर हसावं की नाही अशा बेताने हसले. मलाही वाटलं, संपलं.

पण संपलं नव्हतं. पुढच्या रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला. थोडं बोलून आजोबांनी फोन माझ्यापुढे धरला.

“तू सांग त्याला,” ते हळूच म्हणाले. “मी सांगनार न्हाय. काढले तू.”

मी फोन घेतला. बाबा विचारत होते, “आई, कसे आहेत? परवापेक्षा विसर वाढलाय का?” आणि मी म्हटलं, “बरे आहेत. कुकर लागलाय, नंतर बोलते.” कुकर लागलेला नव्हता, हे पलंगावरून त्यांना दिसत होतं.

मुलांना आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं मी. स्वतःच्या मुलासमोर मला लाज वाटली. पुढच्या रविवारीही वाटली. आजोबा दर वेळी फोन माझ्याकडे द्यायचे आणि बघत राहायचे. नंतर नंतर नुसता फोन द्यायचे आणि भिंतीकडे वळायचे. भिंतीपलीकडे माग चालूच असायचे.

पडून राहून त्यांच्या छातीत कफ साठला. पावसाळा संपायच्या आत ते गेले. शेवटच्या दिवशीही त्यांना सगळं आठवत होतं. जॉबरांना त्यांनी अकरा नंबरच्या मागाबद्दल विचारलं होतं.

बाबा आले. तेराव्याला जेवणाची पंगत बसली होती, तेव्हा ते पाहुण्यांना सांगत होते, “शेवटी बाबांना बरंच विसरायला व्हायचं. त्यातूनच ते पडणं झालं.” माणसं हळहळत होती. जॉबर पंगतीत बसले होते. त्यांनी पानावरचा हात थांबवून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी त्यांना भात वाढला आणि पुढच्या पानाकडे गेले.

म्हणून हे लिहिते आहे. फोनवर मला ते जमणार नाही, हे आता मला कळलं आहे. आजोबा काही विसरले नव्हते. त्यांनी सहाही बोल्टांना दोन-दोन नट बरोबर लावले होते, पातळ खाली आणि जाड वर. काढले ते मी. त्यांच्या हयातीत हे तुमच्या बाबांना सांगायला माझ्याकडे आठ-नऊ रविवार होते.

तुम्ही हे वाचून झालं की बाबांना वाचून दाखवा. मोठ्याने, सगळं. मग त्यांना मला फोन करायला सांगा. या वेळी मी फोन ठेवणार नाही.