ट्रकच्या काट्यावर

"मेजर, तो पडद्यामागचा काटा तुम्हाला पुरायचा नाही. तुम्ही ट्रकच्या काट्यावर जा."

ॲडमिन मॅनेजर हे हसत हसत म्हणाला. रांगेतले स्टाफचे लोकही हसले. चाकणच्या आमच्या कंपनीत आरोग्य सप्ताह चालू होता. कॅन्टीनच्या कोपऱ्यात निळा पडदा लावून एक आहारतज्ज्ञ बाई बसल्या होत्या. एकेकाला आत घ्यायच्या, वजन करायच्या, हळू आवाजात बोलायच्या, हातात कागद द्यायच्या. मी गेटवरचा सिक्युरिटी गार्ड. माजी सैनिक. जेवणाच्या सुट्टीत त्या रांगेत उभा राहिलो, कारण मला खरंच मदत हवी होती. हे फक्त स्टाफसाठी आहे, कंत्राटी माणसांसाठी नाही, एवढंच सांगितलं असतं तरी मी मुकाट्याने परत गेलो असतो.

त्याने ते सांगितलं नाही. त्याने काटा दाखवला. आणि मी काय केलं? गेलो.

हेच मला आजही जाळतं. सतरा वर्षं फौजेत काढली. वरचा माणूस बोलला की आधी पाय चालतात, डोकं मागून येतं. माल भरलेले ट्रक तोलायच्या त्या काट्यावर मी कडक पावलं टाकत गेलो आणि मधोमध सावधान उभा राहिलो. मॅनेजर मोबाइल काढून मागोमाग आला. ऑपरेटरने मान खाली घालून बटण दाबलं. बाहेरच्या बोर्डवर लाल आकडा आला. एकशे वीस. तो काटा दहा-दहा किलोनेच मोजतो. माणसासाठी बनवलेलाच नाही. रांगेतले ड्रायव्हर केबिनमधून वाकून बघत होते.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून बाहेरही फिरला. पिंपळे गुरवला घरी पोचलो तेव्हा बायकोने तिचा मोबाइल पालथा ठेवलेला होता. तिनेही तो बघितलाय, हे त्यावरूनच कळलं. मी ताट मागे सारलं, तर ती म्हणाली, त्या लोकांपायी उपाशी का झोपता? मी तिच्यावरच खेकसलो. तिची काहीच चूक नव्हती.

हे वजन काही चैन करून आलेलं नाही. सरहद्दीवर आमच्या गाडीखाली सुरुंग फुटला. दोघे गेले, मी राहिलो. पुढे झोप गेली. मागून कुणी हाक मारली तरी घामाने भिजायचो. डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं, पीटीएसडी, आणि गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप आली, हातांची थरथर थांबली. पण भूक अशी पेटली की पोट भरलं तरी हात खाण्याकडेच जातो. त्यात आमच्या गेटच्या मागे प्रेस शॉप. दिवसभर पत्र्यावर धाडधाड. तोंडात काहीतरी चावत असलो की तो आवाज जरा दबतो. म्हणून बिस्किटं, फरसाण, वडापाव. तीन वर्षांत तीस किलो. यातलं कंपनीत कुणालाच माहीत नव्हतं. डोक्याच्या गोळ्या घेणारा गार्ड कुठली एजन्सी ठेवून घेईल?

व्हिडिओच्या दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरला न विचारता. वजन उतरलं पाहिजे, बस्स. लाजेपायी अक्कल गहाण टाकली.

नवव्या दिवशी भर दुपारी गेटसमोर एका कंटेनरचा टायर फुटला. भानावर आलो तेव्हा मी जमिनीवर होतो आणि माझ्याखाली शिंदे होता. शिंदे माझ्या ड्युटीतला दुसरा गार्ड. बीडकडचा, तोही फौजेतून आलेला. त्याला खाली पाडून मी त्याच्या अंगावर पडलो होतो आणि "डोकं खाली, डोकं खाली" असं ओरडत होतो म्हणे. त्याचा पुढचा दात तुटला. मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरणार. त्याने रक्त थुंकलं, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि कानाशी म्हणाला, "भावा, वळखलं मी. मीबी त्याच गोळ्या खातो. कुणाला सांगू नको."

तीन वर्षं आम्ही एका केबिनमध्ये बसलो. एका डब्यात जेवलो. दोघांच्या खिशात त्याच गोळ्या, आणि दोघं एकमेकांपासून लपवत होतो. तेव्हा माझं डोकं फिरलं. स्वतःचा राग आला. मग त्या मॅनेजरचा. मग पंधरा ऑगस्टला आम्हाला झेंड्याशेजारी उभं करून फोटो काढणाऱ्या सगळ्यांचा.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने दोघांना बोलावलं. एजन्सीचा सुपरवायझरही होता. अहवाल आधीच टाइप करून ठेवलेला. 'अतिवजनामुळे गार्डचा तोल गेला व तो सहकाऱ्यावर पडला.' खाली माझ्या सहीची जागा. सुपरवायझर म्हणाला, सही कर राव, दुसऱ्या साइटवर टाकतो तुला. मॅनेजरने पेन पुढे केलं.

माझा हात निघालाही होता. सवय. मग मी तो मागे घेतला.

"मी मेजर नाही," मी म्हणालो. "गेटवरच्या प्रत्येकाला तुम्ही मेजर म्हणता. मी फौजेत नायक होतो. माझा तोल वजनाने गेला नाही. मी आजारी आहे. तुम्ही मला ट्रकच्या काट्यावर उभं केलंत म्हणून मी औषध सोडलं. हे लिहा, मग सही करतो."

असं लिहिलं तर नोकरी जाईल, मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, लिहा. शिंदेने तोंडावरचा रुमाल काढला. "माझंबी नाव लिवा," तो म्हणाला.

त्यांनी काही लिहिलं नाही. पुढचा आदेश येईपर्यंत आम्हा दोघांना घरी बसवलंय. मी गोळ्या पुन्हा चालू केल्यात, या वेळी डॉक्टरला विचारून. वजन आहे तेवढंच आहे.

माजी सैनिकांच्या दवाखान्यात गोळ्या लिहिणारा डॉक्टर एका खोलीत बसतो, वजन बघणारा दुसऱ्या. एक म्हणतो गोळी सोडू नका, दुसरा म्हणतो खाणं सोडा. त्या गोळ्यांनीच भूक लागते, हे दोघांनी एकत्र बसून कधी बघितलेलं नाही. निगडीपासून देहूपर्यंत शिंदेने आणखी पाच जण शोधून काढलेत. सगळे कुठल्या ना कुठल्या गेटवर उभे राहणारे, सगळे गोळ्या लपवणारे. सोमवारी आम्ही सात जण त्या दवाखान्यात जाणार. नाव, हुद्दा, आजार, सगळं मोठ्याने सांगणार. दोन्ही डॉक्टर एका टेबलाशी बसून आमचे कागद एकत्र बघत नाहीत, तोवर खुर्च्या सोडणार नाही. घालवायचंच असेल तर उचलून न्यावं लागेल. आणि आम्ही सातही जण जड आहोत.