आगाऊ

अंगणात मोहफुलं वाळायला घातली की त्या गोड, आंबूस वासासरशी मी आरमोरीच्या माहेरी जाते. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मला पाहायला पाहुणे आले होते. मी मान खाली घालून पाटावर बसले होते. तेवढ्यात माझी धाकटी बहीण शांता, मला ती 'बाई' म्हणायची, दारातूनच मुलाला म्हणाली, "भाऊजी, तुमी झोपीत घोरता का? आमच्या बाईची झोप लय कच्ची हाये."



"लय आगाऊ हायेस तू," बाबा म्हणाले, पण मिशीत हसत. नको ते नको तिथे बोलणाऱ्याला आमच्याकडे आगाऊ म्हणत. मला तसं कधी कोणी म्हटलं नाही. शांतेला मात्र तो शब्द दागिन्यासारखा शोभायचा. मुलाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि तो तिच्याकडे बघून मनापासून हसला.

लग्न माझ्याशीच झालं. अजूनही नातवंडांनी विचारलं, आजीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय झालं, की आमचे हे त्या घोरण्याचाच किस्सा सांगतात, शांतेचा आवाज काढून. मी कोणतं लुगडं नेसले होते, ते त्यांना आठवत नाही.

हिरवं होतं.